दाट वस्तीतील शौचालयांचा मैला गोळा करून त्याचे खत करणे : हिशेब जुळतो का?

(‘आराखडा’, ‘गाळमाती’, ‘जमाखर्च’ आणि ‘उतार’ ही लिहिणाऱ्यांची टोपणनावे आहेत.)

प्रश्न : आराखडा

सुमारे २०० कुटुंबांच्या, म्हणजे ढोबळमानाने १,००० माणसांच्या एका दाट वस्तीसाठी स्वच्छतेचा आराखडा तयार करण्याचे काम आमच्या गटाकडे आहे. गल्ल्या इतक्या अरुंद आहेत की मैला उपसणारा टँकर आत शिरत नाही. भूजल अगदी वर असल्यामुळे शोषखड्डे घेता येत नाहीत आणि भुयारी गटार नजीकच्या काळात येण्याची चिन्हे नाहीत. त्यामुळे घरोघरी झाकणबंद डब्यांची कोरडी शौचालये बसवावीत, ठरलेल्या दिवशी डबे उचलावेत आणि वस्तीबाहेर मैल्याचे सोनखत करून विकावे, असा विचार पुढे आला आहे. खताच्या विक्रीतून डबे उचलण्याचा खर्च भागेल, असे गटातील काहींचे म्हणणे आहे. लघवी वेगळी काढावी की नाही, खत सुरक्षित झाले हे कशावरून ठरवावे आणि खर्चाचे हे गणित खरोखर बसते का, याविषयी जाणकारांनी लिहावे.

उत्तर : गाळमाती

आधी वजनाचा हिशेब मांडावा, कारण पुढचे बहुतेक निर्णय त्यावरच ठरतात. प्रौढ माणूस दिवसाला साधारण एक ते दीड लिटर लघवी आणि १०० ते २५० ग्रॅम विष्ठा टाकतो. आपल्या वस्तीत रोज निदान एक टन लघवी आणि दीडशे किलोच्या आसपास विष्ठा जमा होईल. दोन्ही एकाच डब्यात ठेवल्यास हे सगळे वजन माणसांना गल्लीतून वाहून न्यावे लागेल. शिवाय विष्ठेतील जिवाणूंमुळे लघवीतील युरियाचा अमोनिया होतो आणि दुर्गंधी मुख्यतः तेथून सुरू होते. म्हणून लघवी बैठकीतच वेगळी काढावी. जेथे लोक पाण्याने धुतात, तेथे त्या पाण्यासाठी तिसरी वाट ठेवावी लागते. ते पाणी डब्यात गेले तर कोरडेपणा संपतो आणि लघवीत मिसळले तर तिच्यात रोगजंतू शिरतात.

प्रत्येक वापरानंतर लाकडाचा भुसा, भाताचे तूस किंवा उसाची वाळलेली चिपाडे वर टाकावीत. त्याने माश्या आणि वास आटोक्यात राहतात, पण तेवढ्यापुरतेच हे काम नाही. विष्ठेत कर्बाचे (कार्बनचे) नत्राशी (नायट्रोजनशी) प्रमाण ८ च्या आसपास असते, तर खताचा कुजणारा ढीग चांगला तापण्यासाठी ते २५ ते ३० लागते. ही उणीव भुसाच भरून काढतो. हैतीतील सॉइल ही संस्था शौचालयांसाठी उसाची चिपाडे आणि शेंगांची टरफले वापरते.

सुरक्षिततेबाबत रंग आणि वास यांवर मुळीच विसंबू नये. ढीग काळा, भुसभुशीत आणि मातीसारख्या वासाचा झाला तरी त्यात गोलकृमीची (आतड्यात राहणाऱ्या जंताची) अंडी जिवंत असू शकतात; ती मातीत वर्षानुवर्षे टिकतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ढिगाचे तापमान किमान एक आठवडा ५० अंश सेल्सियसच्या वर राहिले पाहिजे, आणि तयार खतात कोरड्या वजनाच्या दर ग्रॅममागे अंड्यांची संख्या एकापेक्षा कमी असली पाहिजे. ढिगाच्या कडा कधीच पुरेशा तापत नाहीत, त्यामुळे ढीग परतून बाहेरचा भाग आत घेणे, लांब दांड्याच्या तापमापकाने अनेक ठिकाणी तापमान पाहणे आणि प्रत्येक ढिगाची नोंदवही ठेवणे, ही कामे पर्यायी नाहीत.

बायोगॅसचा मोह होईल, म्हणून तेही सांगतो. माणशी रोज २० ते ३० लिटर वायू मिळतो, म्हणजे एका कुटुंबाच्या स्वयंपाकासाठी ४०-५० माणसांचा मैला लागतो, आणि साध्या संयंत्रातून बाहेर पडणाऱ्या रबडीत अंडी उरतातच.

उत्तर : जमाखर्च

खतविक्रीतून खर्च भागेल ही अपेक्षा आराखड्यातून काढून टाकावी. विष्ठेचा तीन चतुर्थांश भाग पाणी असतो आणि उरलेल्यातील बराचसा भाग कुजताना उडून जातो; तयार ढिगात मुख्यतः भुसाच असतो, तर पिकाला हवे असलेले बहुतेक नत्र लघवीबरोबर आधीच वेगळे झालेले असते. जागतिक बँकेने २०१९ मध्ये नैरोबी, कुमासी, लिमा आणि हैती येथील डबेवाल्या शौचालयसेवांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी एकही सेवा खताच्या पैशावर उभी नव्हती. नैरोबीतील सॅनर्जी या संस्थेने खताच्या जोडीला काळ्या सैनिकी माशीच्या अळ्या वाढवून त्यांचे पशुखाद्य केले. वाळवलेल्या अळीत सुमारे ४० टक्के प्रथिने असल्यामुळे तिला खतापेक्षा चांगला भाव येतो. मात्र अळ्या गोलकृमीची अंडी मारत नाहीत, तेव्हा उरलेला चोथा पुन्हा तापवावाच लागतो.

खरा खर्च डबा उचलण्यात आहे, आणि माझ्या मते योजना टिकते की मोडते तेही तेथेच ठरते. भरलेला डबा दोन दिवस उचलला गेला नाही, तर घरातले लोक तो रात्री जवळच्या नाल्यात रिकामा करतील आणि त्यात त्यांचा दोष नसेल. त्यामुळे गैरहजर कामगाराच्या जागी बदली माणूस, मोडलेल्या हातगाडीच्या जागी दुसरी गाडी आणि प्रत्येक घरासाठी दोन डबे (एक वापरात, एक धुऊन तयार) यांची तरतूद पहिल्या दिवसापासून हवी. डबा गल्लीत उघडू नये. झाकण लावून न्यावा आणि केंद्रावरच रिकामा करावा. तेथे डबे धुतलेले पाणी हे सांडपाणीच असते, ही गोष्ट आराखड्यांत हमखास राहून जाते. कामगारांना नियमित वेतन, गमबूट, हातमोजे, धनुर्वात आणि काविळीच्या लसी, ठरावीक काळाने जंतांचे औषध आणि आंघोळीची सोय मिळाली नाही, तर वस्तीची घाण फक्त त्यांच्या अंगावर ढकलल्यासारखे होईल. नगरपालिका गटार असलेल्या भागांत मैला वाहून नेण्याचा खर्च करते. येथेही तिने वाटा उचलावा, ही मागणी आराखड्यातच लिहावी.

उत्तर : उतार

एक वेगळे मत नोंदवतो. कराचीच्या ओरंगी भागात १९८० पासून रहिवाशांनी स्वतःच्या खर्चाने गल्लीगल्लीत स्वस्त गटारे घातली. लहान व्यासाच्या, उथळ गटारांचा विचार न करता डब्यांकडे वळणे मला घाईचे वाटते. पुढे शुद्धीकरण नसेल तर गटारही घाण फक्त दूर नेते, हे मान्य आहे.

आराखडा

आभारी आहे. जमीन सपाट आहे आणि पावसाळ्यात पाणी साचते, म्हणून गटाराचा पर्याय तूर्त मागे ठेवला आहे. एकच शंका उरते : वेगळी काढलेली एक टन लघवी रोज कोठे न्यायची?

उत्तर : गाळमाती

या कामातील सर्वांत अवघड प्रश्न हाच आहे. भूजल इतके वर असताना ती जमिनीत मुरवू नये. नायट्रेट थेट विहिरींत उतरेल. कोणत्याही पिकाला निर्धास्तपणे देण्याआधी लघवी बंद टाकीत २० अंश तापमानाला सहा महिने साठवावी, असे वर उल्लेखलेली तत्त्वे सांगतात. रोजचे १,२०० लिटर धरले तरी दोन लाख लिटरांहून मोठी साठवण लागते, आणि ती वस्तीत होणार नाही. तेव्हा आधी शेतजमीन शोधावी. लिटरमागे ५ ग्रॅम नत्र धरल्यास वर्षाला दोन टनांच्या आसपास नत्र मिळते. हेक्टरी १०० किलो दिले तर सुमारे २० हेक्टर जमीन लागेल.

एवढी जमीन आवाक्यात नसेल तर मॅग्नेशियम घालून स्ट्रुव्हाइट (लघवीतून खाली बसणारे स्फटिकी खत) काढता येते, पण त्यातून प्रामुख्याने स्फुरद (फॉस्फरस) मिळते. नत्र बहुतांशी द्रवातच राहते. द्रव आटवून घट्ट खत करण्याची पद्धत स्वित्झर्लंडमधील इयावॅग या संस्थेने विकसित केली, आणि ऑरिन नावाच्या त्या खताला २०१८ मध्ये तेथे खाद्यपिकांसाठीही परवानगी मिळाली. या पद्धतीला वीज आणि जाणकार माणूस दोन्ही लागतात. घरांपासून टाकीपर्यंतच्या नळ्या प्लास्टिकच्याच घ्याव्यात, धातूच्या नकोत. त्यांना सलग उतार द्यावा, कोपऱ्यात काटकोनी वाक टाळावेत आणि लघवीतील क्षारांचे खडे साचून त्या तुंबतात म्हणून दर काही घरांमागे उघडता येणारे तोंड ठेवावे.