‘हिरोशिमा’ ही पाटी नंतर लावलेली!

गजवाला
पोलिश संगीतकार क्शिश्टोफ पेंडेरेत्स्की यांची ‘थ्रेनोडी’, म्हणजे हिरोशिमाच्या बळींसाठीचं शोकगीत. ५२ तंतुवाद्यं. अणुसंहारावरचं थरारक संगीत म्हटलं की पहिलं नाव हिचंच निघतं. रचना जबरदस्तच आहे, पण १९६० च्या सुमारास लिहिली तेव्हा तिचं नाव होतं फक्त ‘८ मिनिटं ३७ सेकंद’. वादकांकडून प्रत्यक्ष ऐकल्यावर बुवांना तिच्यातली भावना जाणवली आणि साजेसा विषय शोधताना हिरोशिमा सापडलं. बॉम्ब डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेलीच नाही! १९४५ अखेरपर्यंत तिथे अंदाजे १,४०,००० माणसं गेली. त्यांच्या नावावर सुरांचा प्रयोग खपवणं मला पटत नाही.

तिरकीट
साफ असहमत. मी व्हायोलिन वाजवतो, म्हणून स्वरलिपी मुद्दाम बघितली. सुरुवातीलाच काळे त्रिकोण: वाद्यातून निघेल तितका उंच सूर काढा, कुठला ते तुमचं तुम्ही बघा. पुढे घोडीच्या (तारा टेकतात त्या लाकडी पट्टीच्या) मागच्या तारांवर गज (शिकताना तिथे गज गेला की आम्ही ओरडा खायचो), वाद्याच्या लाकडावर टकटक. मात्रा नाहीत, खाली सेकंद लिहिलेत. शेवटी ५२ जण पाव-पाव सुराच्या अंतरावर एकदम, आणि तो कल्लोळ अर्ध्या मिनिटात विरत जातो. ताण येतो तो सम नसल्यामुळे. कान टेकायला जागाच शोधत राहतो. हे हिरोशिमाला शोभत नाही म्हणता?

गजवाला
शोभतं हो. भूकंपालाही शोभेल. माझा मुद्दा तोच आहे.

कोपऱ्यातला
मला तर थरारच खटकतो. ६ ऑगस्टला सकाळी ७:०९ ला भोंगा झाला, ७:३१ ला धोका टळल्याचा इशारा. लोक कामाला लागले. शाळेची पोरं, आग पसरू नये म्हणून मोकळी जागा करायला घरं पाडायच्या कामावर. ८:१५ ला बॉम्ब. यात ‘आता काय होणार’ कुणाच्या मनात होतं? ते फक्त वरच्या विमानात. उत्कंठा रंगवणारा कलाकार आपल्याला नकळत त्या विमानात बसवतो.
त्यापेक्षा वाचलेल्यांची चित्रं बघा. १९७४ मध्ये एक म्हातारबाबा स्वतः काढलेलं चित्र घेऊन एनएचके या जपानी प्रसारण संस्थेच्या हिरोशिमा केंद्रात आले. मग केंद्राने आवाहन केलं आणि चित्रांचा ढीग जमला. चित्रकला न शिकलेले हात. हे मला दिसलं, इथे दिसलं, एवढंच. थरार शून्य, पण बघवत नाही.

तिरकीट
थ्रेनोडी स्फोटाची वाट बघायला लावते हे कुणी सांगितलं? ती सुरूच किंकाळीने होते. विमानातून बघायला उरलंय काय? शिवाय पेंडेरेत्स्कींचा जन्म १९३३ चा, बालपण नाझींच्या ताब्यातल्या पोलंडमधल्या डेंबित्सा गावात. युद्ध अंगात मुरलेलं होतं. नाव नंतर सुचलं म्हणून खोटं कसं?

गजवाला
मग डेंबित्साचं नाव द्यायचं!

उंबरठा
अवांतर: रात्री हेडफोन न लावता ऐकू नये. सासूबाई देवघरातून धावत आल्या.

पारावरचा
२०१७ च्या ‘ट्विन पीक्स’ या अमेरिकन टीव्ही मालिकेचा आठवा भाग कुणी बघितलाय? १६ जुलै १९४५, न्यू मेक्सिकोतली पहिली अणुचाचणी. कॅमेरा सावकाश त्या ढगात शिरतो आणि वर हीच थ्रेनोडी. बळी पडायला अजून तीन आठवडे आहेत आणि त्यांचा शोक सुरू झालाय, तोही बॉम्ब बनवणाऱ्यांच्या दारात. ‘८ मिनिटं ३७ सेकंद’ एवढंच नाव असतं, तर त्या जागी तिला हा अर्थ आला असता का? मी तिरकीटच्या बाजूने.

कोपऱ्यातला
म्हणजे स्फोट बघायला आणखी देखणा झाला. माझ्याच मुद्द्याला पुरावा दिलात, आभार.

गजवाला
पारावरच्यांचं उदाहरण बिनतोड आहे. पण ती करामत दिग्दर्शकाची, संगीतकाराची नव्हे. माझी मागणी साधी आहे: मैफलीच्या पत्रिकेत दोन्ही नावं छापा, जुनं आधी. मग रडायचं त्याने रडावं.

तिरकीट
छापा की. पण जुनं नाव बारीक टायपात.