चॉइस नंबरसाठी पैसे मोजणं बराबर आहे का? (बडोदा, जीजे-06)

मांजलपूरकर
माझं मत आधीच सांगून टाकतो, मग तुम्ही बोला. बडोद्यात आता आपल्या मराठी घरांमध्ये पण नवीन गाडी म्हटली की मायलेज, सर्व्हिस सगळं बाजूला आणि पहिला प्रश्न "नंबर कुठला घेणार?" आमच्या नात्यातल्या एकाने सहा एअरबॅगवालं वरचं मॉडेल सोडून खालचं घेतलं, आणि वाचलेले पैसे गोल्डन नंबरच्या, म्हणजे सगळ्यात मागणी असलेल्या नंबरच्या, बोलीत घातले. गाडीत रोज त्याची दोन लहान मुलं बसतात. त्याच्या तोंडावर बोललोय, म्हणून इथे पण बोलतो, हे चूक आहे.

ज्यांना प्रोसेस माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आरटीओ नवीन सिरीज (जीजे-06 नंतरची नवी अक्षरं) जाहीर करतं, परिवहनच्या साइटवर रजिस्टर करायचं, गाडी घेतल्यापासून सात दिवसांत सीएनए फॉर्म, म्हणजे चॉइस नंबरचा अर्ज, भरायचा. नंबरांचे गोल्डन, सिल्वर आणि बाकीचे असे गट आहेत, प्रत्येकाची किमान फी वेगळी, दुचाकीची कमी. ती फी भरून ऑनलाइन बोली लावायची, जास्त बोलणाऱ्याला नंबर, हरलेल्याला पैसे परत. म्हणजे व्यवहार चोख आहे, तक्रार त्याची नाही. तक्रार ही की हातात येतात चार आकडे, जे तुम्ही स्वतः गाडी चालवताना बघत पण नाही. चंदीगडला 2022 मध्ये एका माणसाने 71 हजारांच्या अ‍ॅक्टिवासाठी 0001 नंबर 15 लाख 44 हजारांना घेतला. हे वाचून लोक टाळ्या वाजवतात, मला काळजी वाटते.

रावपुऱ्याचे काका
मांजलपूरकर, एअरबॅगचं तुझं म्हणणं शंभर टक्के मान्य, तिथे मी तुझ्या बाजूने. पण त्यावरून सगळ्या चॉइस नंबरवाल्यांना झोडपू नकोस. पूर्वी चांगला नंबर कसा मिळायचा ठाऊक आहे का? ओळखीवर. आरटीओत कोणी बसलेला पाहिजे, नाहीतर एजंट पाहिजे, आणि पैसे जायचे ते खिशात. आता उघड लिलाव होतो आणि रक्कम सरकारी तिजोरीत जमा होते. हौसेचा कर आहे हा, ज्याला भरायचा तो भरतो, तुझ्या माझ्यावर जबरदस्ती नाही. लग्नात बँडबाजावर उडतात त्याला कोणी विचारत नाही, मग नंबरवर खर्च केला तर एवढा राग का?

कारेलीबागची सीमा
काका राग पैशाचा नाहीये, त्या नंबरमागच्या रुबाबाचा आहे. 1 मे 2017 पासून गाड्यांवरचे लाल दिवे बंद झाले, तेव्हा आपण सगळे खूश झालो होतो ना की रस्त्यावर आता सगळे सारखे. मग 0001, 9999 हे काय आहे? काळी काच, सिंगल आकडा, आणि सिग्नलला उभा असलेला पोलीस आधी विचार करतो की हा कोणाचा माणूस असेल. मी शाळेच्या मुलांना घेऊन रोज फतेहगंजच्या ब्रिजवरून जाते, मागून हॉर्न मारत येणाऱ्या गाडीचा नंबर बघा एकदा. सगळे तसे नसतात हे मान्य पण नंबर घेण्यामागे "मला ओळखा" हीच भावना असते, आणि ती रस्त्यावर चांगली नाही.

जयेश_आयटी
सीमाताई, पोलीस विचार करत असेल पण कॅमेरा करत नाही. चौकाचौकात कॅमेरे आहेत, 0001 असो की 4738, दंडाचा मेमो घरी येतोच. उलट सोपा नंबर असेल तर धडक देऊन पळणाऱ्याला पकडणं सोपं, बघणाऱ्याला 7777 लक्षात राहतो, 4738 राहत नाही. म्हणजे फॅन्सी नंबरवाला जास्त जबाबदारीने चालवेल असं पण म्हणता येतं.

आणि खरा त्रास नंबरचा नव्हताच, प्लेटचा होता. आठवा, 4141 चं "दादा", 214 चं "राम", 4912 चं "पवार", 8055 चं "बॉस". पेंटरकडून आकडे असे वळवून घ्यायचे की पोलिसाला पण वाचता येऊ नये. 1 एप्रिल 2019 पासून नवीन गाड्यांना हाय सिक्युरिटी प्लेट कंपनीकडूनच येते, होलोग्राम, निळ्यात आयएनडी, लेसरने कोरलेला कोड, आणि स्नॅप लॉक जे एकदा काढलं की परत बसत नाही. अक्षरं एका मापाची. म्हणजे आता तुम्ही 4141 घ्या लाख रुपये देऊन, प्लेटवर तो 4141 च दिसणार, दादा नाही. निम्मी हौस तर सरकारने तिथेच संपवली.

मांजलपूरकर
जयेश तू तर माझाच मुद्दा पक्का केलास. प्लेट तीच, अक्षरं तीच, मग पैसे कशाचे? परदेशात निदान नाव लिहून मिळतं.

लेस्टरची वहिनी
मी बडोद्याचीच, माहेर दांडिया बाजार, आता इंग्लंडमध्ये लेस्टरला असते. इथलं सांगते म्हणजे तुलना नीट होईल. नाव जसंच्या तसं इथे पण मिळत नाही, अक्षर आकड्यांच्या ठरलेल्या रचनेतून नाव जुळवावं लागतं, म्हणून लोक 5 ला एस समजून वाचतात. सरकारी खातं डीव्हीएलए 1989 पासून हे नंबर विकतं. 2014 मध्ये "25 ओ" नंबर 5 लाख 18 हजार पौंडाला गेला, एका फेरारीच्या व्यापाऱ्याने घेतला. पण मोठा फरक पुढे आहे. इथे नंबर गाडीला चिकटलेला नसतो. गाडी विकली तरी नंबरचा हक्क तुमच्याकडे ठेवता येतो, त्याचं सर्टिफिकेट मिळतं, 80 पौंडात दुसऱ्या गाडीवर लावता येतो, विकता पण येतो. मालकी म्हणाल तर नंबर तुमचा नाही, वापरायचा हक्क तुमचा. आणि जुन्या गाडीला नवा भासेल असा नंबर लावायला बंदी आहे, समोरच्याची फसवणूक होऊ नये म्हणून. त्यामुळे इथे लोक याला थोडीफार गुंतवणूक मानतात. भारतात ते तसं नाही, म्हणून तिथे एवढे पैसे घालणं मला तरी पटत नाही.

रावपुऱ्याचे काका
वहिनी, गुजरातमध्ये पण आता जुन्या गाडीचा नंबर फी भरून नवीन गाडीवर ठेवता येतो, फक्त मालक तोच पाहिजे. गुंतवणूक नाही होत, विकून नफा काढता येत नाही, आणि मला वाटतं ते चांगलंच आहे. नंबरांचा सट्टा सुरू झाला की काय होतं ते हरियाणात दिसलं. नोव्हेंबर 2025 मध्ये एचआर 88 बी 8888 या नंबरवर 1 कोटी 17 लाखांची बोली लागली, देशभर बातम्या झाल्या आणि शेवटी बोलणाऱ्याने पैसे भरलेच नाहीत.

अंकज्योतिष_निलेश
इथे सगळे हौस आणि रुबाब एवढंच बोलतायत. माझ्याकडे येणारे निम्मे लोक रुबाबासाठी येत नाहीत, त्यांना बेरीज जुळलेली हवी असते. मूलांक (जन्माच्या तारखेची बेरीज) 4 असलेल्या माणसाला 8 च्या बेरजेची गाडी मी तरी घेऊ देणार नाही. गाडी म्हणजे जीव धोक्यात घालायचं साधन, त्यात मनाला आधार मिळत असेल तर पाच दहा हजार जास्त नाहीत. श्रद्धा आहे, चेष्टा करू नका.

कारेलीबागची सीमा
चेष्टा नाही करत निलेशदादा, पण हे बोललंच पाहिजे. आपले माजी मुख्यमंत्री विजय रूपाणी 1206 हा नंबर शुभ मानायचे, त्यांच्या गाड्यांवर तोच असायचा. ते गेले 12 जून 2025 ला, म्हणजे 12-06 लाच, अहमदाबादच्या विमान अपघातात. त्या दिवसानंतर शुभ नंबरसाठी लोकांकडून पैसे घेताना थोडा तरी विचार व्हायला हवा की नको?

अंकज्योतिष_निलेश
गेलेल्या माणसाला या वादात ओढू नका ताई. एवढी माणसं गेली त्या दिवशी, त्यात नंबर शोधत बसणं मला बरं वाटत नाही. आणि तुम्ही पण तेच करताय, आकड्यात अर्थ शोधताय, फक्त उलटा.

मांजलपूरकर
निलेश, शेवटचं वाक्य बरोबर आहे तुझं, त्या घटनेवरून शुभ पण सिद्ध होत नाही आणि अशुभ पण नाही. पण मग आधाराचं काय उरलं? माझं म्हणणं तिथेच आहे. जीव वाचवायचा तर टायर, ब्रेक, एअरबॅग, मागच्या सीटचा बेल्ट. पाच दहा हजारात चार चांगले टायर नाही येत पण दोन तर येतात. मनाचा आधार हवा तर मांडवीच्या विठ्ठल मंदिरात हात जोडून गाडी काढ, तो फुकट आहे.

अलकापुरी_गौरी
मी आजवर फक्त वाचत होते, पण माझा प्रश्न वेगळा आहे. बाबांची स्कूटर होती, तिचा नंबर आमच्या घरात सगळ्यांना पाठ, आईच्या फोनचा पिन पण तोच. बाबा मागच्या वर्षी गेले. मला नवीन स्कूटर घ्यायची आहे आणि तोच नंबर हवा आहे. हे रुबाबात येतं का अंधश्रद्धेत, मला नाही माहीत, पण मला हवा आहे आणि मी पैसे द्यायला तयार आहे.

मांजलपूरकर
गौरी, हे दोन्हीत येत नाही. माझा विरोध हजारो लाखोंच्या बोलीला आहे, याला नाही. घे तू.

रावपुऱ्याचे काका
बघ, शेवटी आलास ना, "मला हवा आहे" हे कारण पुरतं.

मांजलपूरकर
नाही काका, नाही पुरत. गौरीच्या नंबरसाठी कोणाच्या मुलांची एअरबॅग जात नाहीये. एवढाच फरक मी सकाळपासून सांगतोय.

जयेश_आयटी
गौरी, भांडण यांचं चालू दे, काम सांगतो. नंबर ठेवण्याचा अर्ज मालकच करू शकतो आणि कागदावर मालक अजून बाबाच असतील. मालकाचा मृत्यू झाला की फॉर्म 31 भरून गाडी वारसाच्या नावावर करायची असते, आधी ते कर, मृत्यूचा दाखला आणि घरच्यांची संमती लागेल. त्यानंतर नंबर ठेवता येईल का ते दरजीपुऱ्याला आरटीओत प्रत्यक्ष विचार, एजंटला नको. आणि तोपर्यंत जुनी स्कूटर भंगारात देऊ नकोस.

ते नाही जमलं तर दुसरा रस्ता. पुढची अक्षरं सोडून दे, शेवटचे चार आकडे प्रत्येक नवीन सिरीजमध्ये परत येतात. नंबर 1111 वगैरे नसेल तर बाकीच्यांच्या गटात पडेल, त्यावर सहसा कोणी बोली लावत नाही, किमान फीत मिळून जातो. फक्त नवीन सिरीज उघडायची तारीख बघून त्या हिशोबाने गाडी बुक कर, सात दिवसांची मुदत चुकली की शोरूमवाला पासिंगला रँडम नंबर टाकून मोकळा होतो.

अलकापुरी_गौरी
थँक्यू जयेशदादा. स्कूटर अजून पार्किंगमध्येच आहे. सोमवारी फॉर्म 31 चं विचारून येते, आईच्या नावावर करायची की माझ्या ते भावाशी बोलून ठरवते.