रिअरसेट बसवल्यावर मागचा ब्रेक धरतो: दोष ब्रेक ऑइलचा की पुशरॉडच्या लांबीचा?

घाटमाथा (सातारा)

गेल्या महिन्यात मी मोटरसायकलचे मूळ फुटरेस्ट आणि मागच्या ब्रेकचे पेडल काढून बाजारात मिळणारा रिअरसेट (पाय वर आणि मागे नेणारा फुटरेस्ट-पेडलचा संच) बसवून घेतला. पहिल्याच रविवारी यवतेश्वरचा घाट चढून कासला निघालो, आणि घाट संपता संपता कोणी मागून धरून ठेवावे तशी गाडी जड झाली. मागून येणाऱ्या मित्राने हात करून थांबवले. त्याच्या म्हणण्याप्रमाणे निम्म्या घाटापासून माझा ब्रेकचा दिवा पेटलेलाच होता. चढणीला मी पेडलला पायही लावला नव्हता, तरी डिस्कजवळ हात नेववत नव्हता. अर्ध्या तासाने डिस्क निवली आणि चाक आपोआप मोकळे झाले.

त्यानंतर दोन गॅरेजांत मिळून तीनदा ब्रेक ऑइल बदलून हवा काढण्यात आली. शहरात पोवई नाक्यापर्यंत ब्रेक उत्तम चाले, घाटात पुन्हा धरे. अखेरीस मी स्वतः पुशरॉडचा (पेडलचा जोर ब्रेकच्या मास्टर सिलिंडरमधल्या पिस्टनपर्यंत नेणारा दांडा) लॉकनट, म्हणजे लांबी पक्की ठेवणारा नट, सैल करून रॉड दीड फेरा आखूड केला आणि तक्रार मिटली.

माझे मत असे की, पेडल बदलल्यानंतर ब्रेक धरू लागला तर हवा काढण्यापासून सुरुवात करणे हीच चूक आहे. हवा शिरली तर पेडल मऊ लागते आणि ब्रेक कमी लागतो. धरून राहणारा ब्रेक हे नेमके उलटे लक्षण आहे. मास्टर सिलिंडरमध्ये, म्हणजे पेडल दाबल्यावर ऑइलवर दाब आणणाऱ्या भागात, एक बारीक छिद्र असते. पेडल सोडल्यावर पिस्टन पूर्ण मागे आला तरच ते उघडते, आणि गरम होऊन फुगलेले ऑइल त्यातून टाकीत परतते. नव्या किटचा पुशरॉड किंचितही लांब बसला तर पिस्टन त्या छिद्रावरच अडून राहतो. मग फुगणाऱ्या ऑइलला वाट उरत नाही, दाब पॅडवर येतो, पॅड घासून उष्णता वाढते आणि त्या उष्णतेने दाब आणखी वाढतो. रिअरसेट वाईट नाही. तो बसवल्यावर पेडलची मोकळी चाल (पिस्टन हलण्याआधी पेडल जेवढे हलते ती) कोणी मोजत नाही, हे वाईट आहे.

जुनी_बुलेट (वाई)

आपले निदान मान्य, निष्कर्ष अमान्य. मोकळी चाल मोजली म्हणजे रिअरसेट निर्दोष ठरत नाही. कंपनीचे पेडल ही एक तरफ असते आणि तिची मापे मास्टर सिलिंडरच्या व्यासाशी जुळवून ठरवलेली असतात. समजा, पेडल ज्या खिळीवर फिरते तिच्यापासून पाय टेकतो तिथपर्यंत १५० मिलिमीटर आणि खिळीपासून पुशरॉडपर्यंत ३० मिलिमीटर अंतर असेल, तर पायाचा जोर पाचपट होतो. किटमध्ये पहिले अंतर ११० झाले, तर तोच जोर साडेतीनपटीच्या थोडा वर राहतो. म्हणजे पूर्वीइतकाच ब्रेक लागण्यासाठी पाय जास्त दाबावा लागणार, आणि पेडल लाकडासारखे टणक वाटणार. शिवाय पुशरॉड तिरका बसत असेल तर पिस्टन एका बाजूने घासतो, आणि त्याचे परिणाम दोन वर्षांनी दिसतात. आपण एक बिघाड दुरुस्त केलात. मूळ बदल तसाच राहिला. घाटाच्या गावात राहणाऱ्याने ब्रेकच्या पेडलशी असे खेळू नये.

पाना_दहाचा (कराड)

मी बावीस वर्षे गॅरेज चालवतो, म्हणून गॅरेजांची बाजूही ऐकावी. गिऱ्हाईक 'ब्रेक नीट नाही' एवढेच सांगते. पेडल गेल्या आठवड्यात बदलले हे बहुतेकदा सांगतच नाही. आता आपल्या पुराव्याकडे येतो. पुशरॉड आखूड केला त्याच दिवशी आपण कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) उघडून पॅड आणि पिन साफ केल्या होत्या का? केल्या असतील, तर कोणत्या कामाने गुण आला हे आपल्याला कसे कळले? कॅलिपरच्या सरकत्या पिना सुकल्या तरी चाक असेच जड फिरते.

चाक धरलेले असतानाच तपासावे लागते, निवल्यावर सगळ्याच गाड्या शहाण्या दिसतात. आधी मास्टर सिलिंडरचे दोन बोल्ट थोडे सैल करावेत. चाक सुटले तर दोष पुशरॉडचा. सुटले नाही तर कॅलिपरचे निपल (हवा आणि ऑइल काढण्याचा स्क्रू) जपून उघडावे, ऑइल तापलेले असते. दोन थेंब येऊन चाक सुटले तर दाब कुठेतरी अडकला आहे, मग ते छिद्र कचऱ्याने बुजले असेल किंवा नळी आतून फुगली असेल. निपल उघडूनही चाक जडच राहिले तर पुशरॉडचा काही संबंध नाही, कॅलिपर खोलावा.

घाटमाथा

पाना_दहाचा, आपला प्रश्न रास्त आहे. पॅड मी त्याच दिवशी साफ केले होते, हे लिहायला हवे होते. म्हणून काल पुन्हा करून पाहिले. पॅडॉक स्टँडवर गाडी घेऊन मागचे चाक उचलले, रॉड दीड फेरा परत लांब केला आणि पेडल सात-आठ वेळा दाबून सोडले. चाक हाताने फिरेनासे झाले आणि ब्रेकचा दिवा पेटून राहिला. माझ्या किटबरोबर आलेला स्विच ऑइलच्या दाबावर चालतो, म्हणजे दिवा पेटणे हाच दाब अडकल्याचा पुरावा. सिलिंडरचे बोल्ट सैल करताच दिवा विझला. शिवाय टाकीचे झाकण काढून पेडल हलकेच दाबल्यावर, रॉड लांब असताना ऑइलचा पृष्ठभाग निश्चल राहिला. रॉड आखूड केल्यावर पहिल्या दाबालाच छिद्रातून बारीक उसळी दिसली. (तोंड जवळ नेऊ नये, आणि टाकीच्या रंगावर थेंब पडला तर लगेच पाण्याने धुवावा, मी धुतला नाही.)

गॅरेजवाल्यांना मी पेडल बदलल्याचे सांगितले होते. पण नवे पेडल त्यांच्या डोळ्यांसमोरच होते, तेव्हा न सांगताही ओळखता आले असते.

कृष्णाकाठ (सांगली)

सगळे जण पुशरॉडवर बोलत आहात, पण रिअरसेटने पाय वर आणि मागे जातो, आणि बूट नकळत पेडलवर टेकून राहतो, ही शक्यता कोणी धरलेली नाही. माझ्या गाडीत नेमके हेच झाले. रॉडला हात न लावता पेडलची उंची एक बोटभर खाली घेतली आणि ब्रेक धरणे थांबले. आणखी एक गोष्ट म्हणजे स्प्रिंग. मूळ पेडलची परतीची स्प्रिंग बऱ्याच किटमध्ये येत नाही, आणि मग पेडलचे स्वतःचे वजनच पिस्टनला पुढे ढकलत राहते.

पाना_दहाचा

घाटमाथा, हा पुरावा मला पुरेसा आहे, शब्द मागे घेतो. कृष्णाकाठ, पेडलची उंची खाली घेताना आपण पुशरॉडच्याच टोकाला फिरवले, की थांबा-बोल्टला (पेडल कुठे थांबावे हे ठरवणारा बोल्ट)? अनेक किटमध्ये उंची रॉडवरूनच बदलते. तसे असेल तर आपणही नकळत तोच उपाय केलात.

हवा काढणे अगदीच निरर्थक मात्र म्हणू नका. पाणी शोषलेले डॉट ४ दर्जाचे ब्रेक ऑइल १५५ अंशांच्या आसपास उकळू शकते; नव्याला किमान २३० अंश लागतात. आपला ब्रेक इतका तापल्यावर ऑइल बदलणे योग्यच होते, फक्त ते रॉडनंतर करायला हवे होते.

कृष्णाकाठ

रॉडच्याच टोकाला. आता मोजून पाहिले, थांबा-बोल्ट या किटला नाहीच.

जुनी_बुलेट

आणि तरीही रिअरसेट वाईट नाही म्हणता! घाटमाथा, आपल्या पेडलची दोन्ही अंतरे मोजून लिहा, मग बोलू.

घाटमाथा

मोजली. मूळ पेडल १४४ आणि ३२, म्हणजे साडेचारपट. नवे १२० आणि ३०, म्हणजे चारपट. पाय जास्त दाबावा लागतो, हे खरे आहे. पहिल्या दिवशी मला ते पॅड नवे असल्यामुळे वाटले होते. रिअरसेट मी ठेवणार आहे. लॉकनटवर पांढऱ्या रंगाची रेघ मारली आहे आणि पुढच्या रविवारी कासहून उतरल्यावर ती सरकली का ते पाहीन.