नळाजवळ ओट्यावर पांढरा थर बसलाय, कसा काढू?

प्रश्न: ओटा काळ्या ग्रॅनाइटचा आहे, पाणी जड. नळाच्या बुडाशी क्षारांचं खरखरीत कडं जमलंय. ओलं असताना दिसत नाही, वाळलं की पुन्हा पांढरं. व्हिनेगर ओतू का?

उत्तर: नका ओतू. ग्रॅनाइट टिकेल, पण सीलर (डाग मुरू नयेत म्हणून दगडाला लावतात ते द्रव्य) कमजोर होऊ शकतो. पॉलिश केलेला ओटा असेल तर आधी जागा ओली करा. नवं ब्लेड जवळजवळ आडवं धरून हलक्या हाताने सरकवा, कोपरा टेकू देऊ नका, चरा पडतो. थर पापुद्र्यासारखा सुटतो, मला तर बघूनच बरं वाटतं!

दुसऱ्या ताई: माझा संगमरवर आहे. लिंबू लावलं, क्षार गेले पण तिथे निस्तेज ठिपका राहिला.

उत्तर: ताई, क्षारांचा थर बहुतांशी कॅल्शियम कार्बोनेट, आणि संगमरवरही तेच. आम्ल दोन्ही खातं. तो डाग नाही, दगडच झिजलाय. संगमरवराच्या पॉलिश पावडरने ओलं घासा, चकाकी येईल. खोल असेल तर कारागीर बोलवा. सीलर डाग मुरू देत नाही, आम्लापासून मात्र वाचवत नाही.

प्रश्नकर्ती: सुटला! आता सीलर लावू?

उत्तर: आधी पाण्याचे थेंब टाकून बघा. थोड्या वेळाने दगड गडद दिसला तरच लावा. आणि नळाचा वॉशर बदला, पाणी तिथूनच झिरपत असणार.