जुन्या चेनसॉचे झिजलेले रबरी बफर बदलण्याविषयी

प्रश्न

माझ्याकडे सुमारे ६० सीसीची जुनी पेट्रोल चेनसॉ असून इंदूरजवळच्या शेतात बांधावरच्या बाभळी आणि पावसाळ्यात कोसळलेले कडुनिंब कापण्यासाठी ती वापरली जाते. अलीकडे मागचे हँडल धरून बार (ज्या पट्टीभोवती चेन फिरते ती) बाजूला दाबला, की इंजिन आणि हँडल यांच्यातली फट एका अंगाला पूर्ण मिटते, आणि पुढच्या हँडलवरून हातात येणारा थरारही वाढला आहे. इंदूरच्या सियागंज बाजारात चौकशी केली असता या मॉडेलचे बफर, म्हणजे इंजिन आणि हँडल यांच्यामध्ये बसून कंपन अडवणारे रबरी तुकडे, मिळाले नाहीत. एका दुकानदाराने जाड रबरी नळीचे तुकडे कापून बसवण्यास सुचवले. तसे करावे काय? आणि सगळेच बफर बदलावे लागतात, की फाटलेला तेवढाच?

पहिले उत्तर

नळीचे तुकडे बसवू नयेत. कापताना इंजिन मिनिटाला ९,००० फेरे घेत असेल तर त्याचे मुख्य कंपन सेकंदाला १५० वेळा होते. आयडलवर, म्हणजे रेस न देता २,८०० फेऱ्यांच्या सुमारास, ते ४७ च्या आसपास असते. बफरवर तोललेल्या यंत्राची स्वतःचीही एक नैसर्गिक कंपनसंख्या असते, आणि इंजिनाचे कंपन तिच्या सुमारे १.४ पटीच्या वर असेल तेव्हाच बफर ते हातापर्यंत जाताना कमी करू शकतो. त्याखाली तो कंपन उलट वाढवतो. रबराचा ताठपणा चौपट केला की ही नैसर्गिक कंपनसंख्या दुप्पट होते. दाबाच्या नळीत सुताचे अस्तर घालून ती मुद्दाम ताठ केलेली असते, त्यामुळे तिचे तुकडे बसवल्यावर बार डगमगायचा थांबेल, यंत्र छान घट्ट झाल्यासारखे वाटेल आणि बोटे मात्र पूर्वीपेक्षा लवकर बधिर होतील.

बफर एकदमच बदलावेत. जुने कडक झालेले आणि नवे मऊ एकत्र राहिले तर भार असमान पडतो. पुढच्या आणि मागच्या बफरांचा मऊपणा पुष्कळदा मुळातच वेगळा असतो, तेव्हा काढताना कोणता कुठला, याची खूण करून ठेवावी.

दुसरे उत्तर

वरील उत्तर हातांविषयी झाले. मला अधिक काळजी इंजिनाची वाटते. अनेक चेनसॉमध्ये कार्ब्युरेटर हँडलच्या बाजूला आणि सिलिंडर इंजिनाच्या बाजूला असतो, आणि दोहोंना जोडणारा रबरी इनटेक बूट प्रत्येक हालचालीबरोबर वाकत राहतो. बफर निकामी झाले की हा बूट मर्यादेबाहेर ताणला जाऊन कडेला चिरतो, त्या चिरेतून पेट्रोलाविना हवा आत शिरते, आणि टू-स्ट्रोक इंजिनाला वंगणही पेट्रोलातूनच मिळत असल्यामुळे पिस्टन घासला जातो. स्वस्तातल्या बफरापायी सिलिंडर जातो तो असा.

चेन ब्रेक लावून, यंत्र जमिनीवर नीट टेकवून आयडलवर चालवावे आणि मागचे हँडल हलकेच डावी-उजवीकडे दाबून पाहावे. आवाज चढला-उतरला तर बूट चिरला आहे किंवा थ्रॉटलची कडी ओढली जाते आहे. दोन्ही गोष्टी यंत्र बंद करून उघडून तपासल्याशिवाय कापण्याचे काम करू नये.

प्रश्नकर्ता

आभारी आहे. उघडून पाहिले असता इनटेक बूट शाबूत आहे. मागच्या एका बफरचे रबर धातूच्या चकतीपासून सुटले आहे आणि पुढचे तेलाने फुगले आहेत. सांवेर रोडवरच्या एखाद्या रबर मोल्डिंगवाल्याकडून असे बफर करून घेता येतील काय?

तिसरे उत्तर

पुढचे बफर नुसती रबरी कडी असून खोबणीत दाबून बसत असतील, तर ते होऊ शकतील. मात्र नमुना म्हणून फुगलेला बफर देऊ नये, खोबणीचे माप द्यावे. रबर नायट्राइल असावे, कारण नैसर्गिक रबर पेट्रोल आणि चेनचे तेल शोषून फुगते, आणि कडकपणा शोअर ए मापात (रबराचा कडकपणा मोजण्याची पट्टी) ठरवून घ्यावा. मागच्या बफरची गोष्ट निराळी आहे. त्यात रबर धातूवर व्हल्कनाइझ करून, म्हणजे उष्णतेने पक्के करून, जोडलेले असते आणि तो जोड सतत पिळला जातो, म्हणून हा भाग मूळ क्रमांकावरून मागवलेलाच बरा. पॉलियुरेथेनच्या मोहात पडू नये.

बसवण्याआधी टाकी रिकामी करावी, प्लगची टोपी काढावी आणि बार व चेन उतरवून ठेवावी. जुने स्क्रू हलत नसतील तर हॉट एअर गनने बेताची ऊब द्यावी. पेट्रोलाची वाफ असलेल्या जागी ज्योत कदापि नेऊ नये, शिवाय क्रँककेस (इंजिनाचे धातूचे कवच) पुष्कळदा पेट घेऊ शकणाऱ्या मॅग्नेशियमची असते. नवी कडी बसवताना ग्रीस न लावता साबणाचे पाणी लावावे. स्क्रूला मध्यम ताकदीचे थ्रेडलॉक (स्क्रू सैल होऊ न देणारा चिकट द्रव) पुरते, आणि जोर बेतानेच लावावा, कारण मॅग्नेशियममधले आटे गेले तर बफर बदलण्याचे साधे काम क्रँककेसचे होऊन बसते. काही यंत्रांत बफरच्या पोटात एक छोटा थांबा असतो, रबर तुटले तरी हँडल इंजिनापासून सुटू नये म्हणून. तो कचरा समजून टाकला जातो, तेवढे सांभाळावे.

सर्व जोडल्यावर हँडलभोवतीची फट चारी बाजूंनी मोकळी हवी आणि दाब सोडताच हँडल मूळ जागी यायला हवे. इंधनाची पहिली टाकी संपल्यावर, यंत्र निवल्यावर, सगळे स्क्रू पुन्हा एकदा तपासावेत.