मुलाखतीत गाडी कुठे अडली, कुठे सुटली? अनुभव सांगा

सॉफ्टवेअरच्या मुलाखतींचे प्रश्न सगळीकडे मिळतात. त्या खोलीत किंवा स्क्रीनसमोर बसल्यावर आपलं काय होतं, हे मात्र कुणी फारसं सांगत नाही. तेच इथे लिहा. निवड झाली नसेल तरी लिहा. सुरुवात मी करते.

माझी पहिलीच मुलाखत होती आणि बायनरी सर्च, म्हणजे दर फेरीत यादी अर्धी करत आकडा शोधायचा कोड, लिहायला सांगितलं. क्रमाने लावलेल्या १० लाख आकड्यांतला हवा तो आकडा फार तर २० फेऱ्यांत सापडतो, हे तोंडपाठ होतं. कोड पाच मिनिटांत लिहून झाला. समोरचे सर म्हणाले, "छान. आता मिड काढलाय ती ओळ पुन्हा बघा."

(लो + हाय) / २, म्हणजे उरलेल्या यादीच्या पहिल्या आणि शेवटच्या जागेचा मध्य. मला त्यात काहीच वावगं दिसेना. कानशिलं तापली, कर्सर नुसता लुकलुकत होता. मिनिटभर मी गप्प. तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "मनात चाललंय ते बोला. चुकलं तर चुकू दे."

मग मी बोलत सुटले. लो किती मोठा असू शकतो, हाय किती मोठा, इंट (पूर्णांक साठवायचा प्रकार) ३२ बिटांचा, म्हणजे २,१४,७४,८३,६४७ च्या पुढे जागाच नाही... आणि माझं मलाच दिसलं! बेरीज ओव्हरफ्लो होऊन, म्हणजे त्या जागेत न मावून, उणे होणार. लगेच लो + (हाय - लो) / २ केलं. नेमकी हीच चूक जावा या भाषेच्या लायब्ररीत (तयार कोडमध्ये) वर्षानुवर्षं होती आणि तो कोड लिहिणाऱ्या जोशुआ ब्लॉक यांनीच २००६ साली त्यावर लिहिलं, हे मी घरी येऊन वाचलं. डिझाइनच्या फेरीत मी बाहेर पडले, पण त्या सरांची मी आजही ऋणी आहे.

*

माझा अनुभव कडू आहे. पाच फेऱ्या झाल्या, त्यासाठी तीन सुट्ट्या घेतल्या. "दोन दिवसांत कळवतो" म्हणाले आणि पुढे चकार शब्द नाही. मेल केले, फोन केले. नकार पचवता येतो हो, पण नकार तरी द्या ना!

*

मी चार वर्षं सपोर्टला (ग्राहकांच्या अडचणी सोडवायच्या कामावर) होतो, अल्गोरिदम कच्चे. प्रश्न आला, शेवटची एकच सीट आहे आणि दोघांनी एकाच क्षणी बुक केली, तर? हा घोळ मी कामात रात्री दोन वाजता निस्तरला होता! आधी सीट मोकळी आहे का बघायचं आणि मग नोंद करायची, तर त्या मधल्या फटीत दुसरा घुसतो. म्हणून डेटाबेसच्या एकाच अपडेटमध्ये "मोकळी असेल तरच" ही अट घालायची आणि टेबलातल्या किती ओळी बदलल्या ते बघायचं. शून्य आलं तर सीट गेली. पुढची वीस मिनिटं आम्ही दोघं लॉकवरच (एक जण नोंद बदलत असताना दुसऱ्याला थांबवण्यावर) बोलत होतो. ऑफर आली. सपोर्टवाल्यांनो, तुमच्या तिकिटांच्या (सोडवलेल्या तक्रारींच्या) गोष्टी रेझ्युमेत लिहा, लपवू नका.

*

उद्या सकाळी माझी पहिली मुलाखत. वरचं वाचून आत्ता मिडची ओळ वहीत लिहिली, मोठ्याने बोलत. आई दारात येऊन विचारून गेली, कुणाशी बोलतेयस? सीटचा प्रश्नही तिलाच समजावून सांगणार आहे आता.