लिंबूटिंबू : हा शब्द अपमानाचा कधी झाला?

खेळाचे सर

नमस्कार मंडळी. मी तालुक्याच्या गावी शाळेत खेळ शिकवतो. सहावीत यंदा एक मुलगा नवीन आलाय. लहानपणीच्या आजारात त्याच्या डाव्या पायातली ताकद गेली, कॅलिपर लावून चालतो. पहिले दोन तास तो मैदानाच्या कडेला बसून राहिला. तिसऱ्या तासाला पोरांनीच त्याला ओढत आणलं आणि लगोरी रचता रचता एकानं जाहीर केलं, “हा आपल्यात लिंबूटिंबू!”

मला फार बरं वाटलं. मुलगाही खूश होता, घरी जाऊन त्यानं हेच सांगितलं. दुसऱ्या दिवशी वडील शाळेत हजर. “माझ्या पोराला लिंबूटिंबू म्हणतात आणि तुम्ही ऐकून घेता, सर?” डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. मी त्यांना समजावायला गेलो आणि माझंच मला कळेना की समजावायचं काय.

माझ्या लहानपणी हा शब्द म्हणजे खेळात शिरायचा परवाना होता. त्यांच्या कानाला तो शिवीसारखा लागला. म्हणून विचारतो : तुमच्याकडे या शब्दाचा नेमका अर्थ काय? आणि आज तो मुलांसमोर वापरावा का?

माजघर

सर, तुम्हाला आठवतंय ते बरोबरच आहे. आमच्या वाड्यात लिंबूटिंबूचे नियम पक्के होते. त्यानं पळायचं, लपायचं, ओरडायचं, सगळं करायचं. तो सापडला तरी बाद नाही. आणि त्याच्यावर राज्य येत नाही. पाठच्या भावंडाला कडेवर घेऊनच मुली खेळायला यायच्या. त्याला खाली ठेवलं की ते रडणार, घरी नेलं की खेळ बुडणार. मग त्याला लिंबूटिंबू करून टाकायचं. घरी कुणाला पाठवायचं नाही म्हणून हा शब्द, असंच मला वाटत आलंय.

‘राज्य’ हा शब्दही बघा किती वेगळा आहे. ज्याच्यावर राज्य येतं तो एकटा, बाकी सगळे त्याला चुकवणारे. म्हणजे खरं तर शिक्षाच. चकताना, म्हणजे राज्य कुणावर ते ठरवताना, प्रत्येक जण “सुटलो!” म्हणून उडी मारतो. पण लिंबूटिंबूला विचारा. मी सहा-सात वर्षांची असताना एका संध्याकाळी मोठ्या मुली म्हणाल्या, “आता ही मोठी झाली, हिच्यावरपण राज्य.” मी चकले, सुटले नाही, आणि घरी धावत जाऊन आईला ओरडून सांगितलं, “आई, माझ्यावर राज्य आलं!” आई पोळ्या लाटत होती. तिला बिचारीला कळेना यात एवढं काय. आज सत्तरी गाठली तरी ती संध्याकाळ मला जशीच्या तशी दिसते.

टिंबटिंब

शब्दाच्या घडणीबद्दल थोडं. हा जोडशब्द आहे, दुसऱ्या भागाला स्वतंत्र अर्थ नाही. मराठीत असा प्रतिध्वनी बहुतेक वेळा ‘ब’नं येतो : चहाबिहा, पुस्तकंबिस्तकं. इथे ‘ट’ आलाय, पोरंटोरं या शब्दात येतो तसा. दोन्ही शब्द लहानग्यांचे आहेत आणि दोन्हींत लाड आहे. काही ठिकाणी ‘कच्चा लिंबू’ म्हणतात. त्यातला ‘कच्चा’ महत्त्वाचा, कारण कच्चं फळ पुढे पिकतं.

आता वापर. माझ्या मते या शब्दाचं नुकसान क्रिकेटच्या बातम्यांनी केलं. विश्वचषक आला की ‘लिंबूटिंबू संघ’ हा शब्दप्रयोग ठरलेला. तिथे अर्थ फक्त ‘दुबळा’. संरक्षण गेलं, लाड गेला, उरली ती हेटाळणी. आणि हे म्हणायचं तरी कुणाला? 1983 मध्ये झिंबाब्वेनं ऑस्ट्रेलियाला हरवलं. 2003 मध्ये केनिया उपांत्य फेरीत गेला. 2011 मध्ये बंगळुरूला आयर्लंडनं इंग्लंडला हरवलं, केव्हिन ओब्रायनचं 50 चेंडूंत शतक. 2024 च्या टी-ट्वेंटी विश्वचषकात अफगाणिस्तान उपांत्य फेरीत. 1983 च्या जूनपूर्वी आपल्यालाही कुणी फार मोजत नव्हतं.

मला जास्त खटकतं ते पुढचं. 2011 आणि 2015 च्या विश्वचषकात 14 संघ होते, 2019 आणि 2023 मध्ये 10. म्हणजे ज्यांना लिंबूटिंबू म्हणायचं त्यांना खेळायलाही घ्यायचं नाही. माजघरताईंच्या वाड्यात हे चाललं नसतं.

सीमाभाग

आमच्या बेळगावात दोन्ही भाषांची पोरं एकाच गल्लीत खेळायची. कन्नडमध्ये याला ‘आटक्कुंटु लेक्कक्किल्ला’ म्हणतात. शब्दशः : खेळात आहे, हिशेबात नाही. आता मोठी माणसं कचेरीतल्या नावापुरत्या साहेबालाही असंच म्हणतात.

भागानगरकर

तेलुगूत ‘आटलो अरटिपंडु’, म्हणजे खेळातलं केळं. आपल्याकडे लिंबू, त्यांच्याकडे केळं! मी हैदराबादेत वाढलो. घरी लिंबू आणि गल्लीत केळं असं दोन्ही होऊन झालंय.

थोडं विषयांतर, पण राहवत नाही. विटीदांडूत ‘वकट, लेंड, मूंड, नाल’ असं मोजतात ना? ते तेलुगूतले ओकटी, रेंडु, मूडु, नालुगु आहेत. एक, दोन, तीन, चार. शाळेतल्या तेलुगू मित्राला मी पहिल्यांदा ते मोजून दाखवलं तेव्हा तो हसतच सुटला आणि मग रोज आमच्यात खेळायला येऊ लागला.

घुंगरू

मी पूर्ण अंध आहे, फोन मला वाचून दाखवतो. सीमाभाग यांनी दिलेला कन्नड शब्द मी तीनदा ऐकला. ‘खेळात आहे, हिशेबात नाही.’ सर, तुमच्या विद्यार्थ्याच्या वडिलांना जे लागलं ते हेच असणार.

मी लहानपणी कायम लिंबूटिंबू होतो. भावंडं प्रेमानं घ्यायची, त्याबद्दल तक्रार नाही. पण मी नवव्या वर्षीही लिंबूटिंबू आणि बाराव्या वर्षीही. माझ्यानंतर जन्मलेली चुलतभावंडं मोठी होऊन राज्य घेऊ लागली, मी तिथेच. माझ्यावर कधी राज्य आलंच नाही. आंधळी कोशिंबीर खेळतानासुद्धा नाही! “तुला काय पट्टी बांधायची?” म्हणायचे. खरं तर त्या एका खेळात मी सगळ्यांना पकडलं असतं.

नंतर अंधांचं क्रिकेट मिळालं. टणक प्लॅस्टिकचा चेंडू, आत छर्रे, त्यामुळे तो खुळखुळतो. गोलंदाजी हात खालून फिरवून. गोलंदाज आधी “रेडी?” विचारतो, फलंदाजानं “येस” म्हटल्यावर “प्ले” म्हणून चेंडू सोडतो. अकरांत किमान चार जण पूर्ण अंध असावेच लागतात, आणि पूर्ण अंध फलंदाजाची प्रत्येक धाव दुप्पट मोजतात. इथे सूट कुणालाच नाही. मी बाद होतो, झेल सोडला तर कर्णधार माझ्यावर ओरडतो. पहिल्या सामन्यात मी शून्यावर त्रिफळाचीत झालो आणि मागून कुणीतरी म्हणालं, “काय रे, बॅट घरी ठेवून आलास का?” इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं. मी हिशेबात आलो होतो.

माजघर

घुंगरू, बाळा, तुझं वाचून मी बराच वेळ काही लिहू शकले नाही. आमच्या वाड्यातही एक कमी ऐकू येणारी मुलगी होती. आम्ही तिला कायम लिंबूटिंबू ठेवलं आणि स्वतःला चांगल्या समजत राहिलो.

चढाई

मी तीस वर्षं कबड्डीच्या मातीत आहे, शब्द सगळे तिथलेच सांगतो.

जुन्या हुतुतूचे तीन प्रकार होते. गामिनीत बाद झालेला गडी बाहेर बसायचा तो डाव संपेपर्यंत. संजीवनीत आपण समोरचा एक मारला की आपला एक उठतो; आजची कबड्डी याच प्रकारावर चालते. तिसरा अमर. त्यात बाद झाला तरी कुणी बाहेर जात नाही, फक्त समोरच्याला गुण मिळतो. बघा, कुणी कडेला बसत नाही आणि हिशेब मात्र चोख राहतो. लहान मुलांना शिकवताना मी अजूनही अमरच लावतो. कच्चं पोर पहिल्या मिनिटाला बाहेर बसलं तर ते शिकणार कधी?

दुसरं. प्रशस्तिपत्रकावर आपण ‘खिलाडूवृत्ती’ लिहितो. चांगला शब्द आहे, पण मैदानावर मी तो एकाही पोराच्या तोंडून ऐकलेला नाही. पोरं म्हणतात, “रडी खाऊ नको.” रडीचा डाव म्हणजे काय हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही. हात लागला असताना “नाही लागला” म्हणणं ही रडी. आपली पाळी झाली की समोरच्याला डाव न देता घरी पळणं ही सगळ्यात मोठी रडी. दुसऱ्या दिवशी त्याला कुणी खेळायला घेत नसे. ‘डाव देणं’ हे कर्ज फेडण्यासारखं होतं. आमच्याकडे एक चढाईपटू होता, पंचांना दिसलं नाही तरी हात वर करून स्वतः बाहेर जायचा. त्याच्याबद्दल पोरं एवढंच म्हणायची, “तो रडी खात नाही.” याहून मोठं प्रशस्तिपत्रक मी पाहिलेलं नाही.

सर, तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर : शब्द राहू द्या, पण त्याला मुदत घाला.

टिंबटिंब

चढाईदादांनी सहज ‘गडी’ वापरला, त्यावरून. हा शब्द फार खोल आहे. घरगडी, शेतगडी म्हणजे राबणारा माणूस. खेळगडी, सवंगडी म्हणजे बरोबरीचा. आणि ‘पाच गडी बाद’ म्हणजे मोजला जाणारा. चाकर आणि सोबती यांना मराठीनं एकच शब्द दिलाय.

या शब्दापाशी मला नेहमी पालवणकर बाळू आठवतात. चांभार समाजात जन्मलेले डावखुरे फिरकी गोलंदाज. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. पुण्यात हिंदूंच्या संघातून खेळताना मैदानावर सगळे त्यांच्याच चेंडूवर अवलंबून, पण चहाच्या वेळी त्यांना बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा. कन्नड शब्द इथे उलटा करावा लागतो : हिशेबात आहे, पंगतीत नाही. एवढी कामगिरी असून बाळूंना हिंदू संघाचं कर्णधारपद मिळालं नाही. ते 1923 मध्ये त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल यांना मिळालं.

म्हणून ‘सामावून घेणं’ या शब्दाकडे मी जरा थांबून बघतो. घेणारा कोण आणि कुठपर्यंत घेणार, हे त्यात लपलेलं असतं. त्यापेक्षा ‘खेळीमेळी’ मला जवळचा वाटतो. त्यात खेळ आहे आणि मेळ आहे, घेणारा-देणारा कुणी नाही.

सीमाभाग

आमच्या गल्लीत भिडू निवडायची पद्धत अशी होती : साधारण सारख्या ताकदीचे दोघं जोडीनं लांब जायचे, गुपचूप नावं ठरवायचे, एक आंबा, एक फणस. मग दोन्ही कप्तानांपुढे येऊन, “कोण घेतो आंबा, कोण घेतो फणस?” कप्तानाला माहीतच नाही आंबा कोण ते. शेवटी उरलेला, कुणालाच नको असलेला, असा कुणी राहायचाच नाही. हे कुणी शोधून काढलं असेल त्याच्या पाया पडावंसं वाटतं.

घुंगरू

आणि ‘लंगडी’ शब्दाचं काय? माणसाला लंगडा म्हटलं तर तो अपमान, पण खेळ म्हणून लंगडी घालायला सगळ्यांना आवडतं. आंधळी कोशिंबिरीचंही तेच. मला वाटतं कारण सोपं आहे. त्या खेळात प्रत्येकाला आळीपाळीनं एक पाय उचलावा लागतो, प्रत्येकाच्या डोळ्यांवर पट्टी येते. पाळी फिरत राहिली की शब्द टोचत नाही. एकाच माणसावर येऊन थांबला की टोचतो.

सर, पुढे काय झालं ते कळवा.

खेळाचे सर

कळवायला उशीर झाला, माफ करा. तुमचं सगळं मी मुलाच्या वडिलांना वाचून दाखवलं. घुंगरू यांचा प्रतिसाद त्यांनी पुन्हा वाचायला लावला.

मग वर्गाला विचारलं, याला किती दिवस लिंबूटिंबू ठेवायचं? पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. एक मुलगी म्हणाली, “त्यालाच विचारा की.” तो म्हणाला, “दिवाळीपर्यंत.” पण दिवाळीपर्यंत थांबायची वेळ आली नाही. त्याचा नेम जबरदस्त निघाला. पळता येत नाही, पण पंधरा पावलांवरून लगोरी पहिल्या फटक्यात फोडतो. पोरांनी आपणच नियम केला : तो फोडणार आणि रचणार, चेंडू चुकवत पळण्याचं काम त्याच्या जोडीचा भिडू करणार, आणि त्या भिडूला चेंडू लागला की दोघंही बाद.

गेल्या शुक्रवारी तो शेवटची चकती ठेवत होता. समोरच्या मुलानं त्याच्या भिडूवर चेंडू मुद्दाम लांब टाकला. सगळ्यांनी पाहिलं. यानं हातातली चकती खाली ठेवली आणि ओरडला, “रडी! नीट मार. हा डाव धरायचा नाही.” डाव परत झाला. पुढच्या फेकीला चेंडू बरोबर भिडूच्या पाठीत बसला, दोघं बाद, आणि राज्य यांच्या संघावर. माजघरताई, त्याचा चेहरा तुम्ही पाहायला हवा होता.

तास संपताना मी नेहमीप्रमाणे विचारलं, आज किती जण खेळलात? आधी ही पोरं “बारा आणि एक लिंबूटिंबू” असं सांगायची. या वेळी कप्तान मुलगी मोजत शेवटपर्यंत गेली आणि म्हणाली, “तेरा गडी, सर.”